तक्त्यावरची भट्टी

थंडीत दूध वाढतं आणि खव्याच्या भट्टीवरच्या माणसाला पाठ टेकायला सवड राहत नाही. वसंतरावांच्या भट्टीवर सहा कढया होत्या. त्यातल्या तीन एकटा उत्तरेश्वर सांभाळायचा. उजाडायच्या आधीपासून वस्त्यांवरची माणसं मोटारसायकलीला कॅन लटकावून यायची, दूध मापून ओतायची आणि जाळापुढं हात शेकत बसायची. उत्तरेश्वर लांब दांड्याचं उलथनं घेऊन उभा असायचा. सोळा वर्षं तो असाच उभा होता. त्याच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत केस उरले नव्हते. डोळे धुरानं कायम तांबडे. नवखा माणूस त्याला बघून समजायचा, हा पिऊन आलाय.

त्याची बायको राजेश्वरी बाभळीची लाकडं फोडून जाळाला लावायची आणि रिकाम्या कढया विटेच्या तुकड्यानं घासायची. घासायच्या आधी कडेला चिकटलेली खरवड ती एका वाटीत काढून घ्यायची. ती वाटी त्यांच्या पोरीची. पोरगी हर्षाली नववीत होती. तिघं भट्टीच्या मागं पत्र्याच्या एका खोलीत राहायची. खोली तात्याची, लाकडं तात्याची, धूरबी तात्याचाच, असं उत्तरेश्वर कधी कधी म्हणायचा आणि लगेच मागं वळून बघायचा. वसंतरावांना सगळा गाव तात्या म्हणत असे.

त्या वर्षी मात्र त्या खोलीत एक बेत ठरला होता. भूमहून ईटला जाणाऱ्या रस्त्यावर, गावच्या फाट्याशी, ज्ञानोबाचं पडीक वावर होतं. वावरात एक जुनं पत्र्याचं शेड. ज्ञानोबा म्हातारा, त्याच्या दावणीला चार म्हशी. त्यानं उत्तरेश्वरला शब्द दिला होता: शेड घे, पाडव्याला भट्टी पेटव, माझं दूध तुझ्याकडं. रणधीर नावाच्या तरण्या गड्यानंही होकार दिला होता, त्याच्या सहा म्हशी. राजेश्वरीच्या भावानं ईटच्या बाजारातून एक जुनी कढई पैदा करून ज्ञानोबाच्या कडब्याखाली दडवून ठेवली होती. एका कढईपुरतं दूध झालं की बास होतं.

"पाडव्यापस्तोर त्वांड उघडायचं न्हाय," उत्तरेश्वरनं दोघींना बजावलं होतं. "तात्याला कळलं तर ज्ञानोबा आबाला पेंड मिळायची न्हाय. अन पेंडीबिगर म्हस काय देतीय? शेण."

पेंड वसंतरावांच्या गोदामातून यायची. भूमला दुसरी गोदामं होती, पण दुसऱ्याची पेंड घेणाऱ्याचं दूध वसंतराव घेत नसत. म्हणून कुणी भूमकडं बघत नव्हतं.

शाळेत त्याच वर्षी चित्रकलेला निवेदिता मॅडम आल्या होत्या. तुळजापूरच्या, शिक्षकाच्या घरातल्या. मन लावून शिकवायच्या. पोरींना बाळ म्हणायच्या. डिसेंबरात त्यांनी नववीला एक प्रकल्प दिला. त्याला व्हिजन बोर्ड म्हणतात, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं.

"म्हणजे स्वप्नांचा तक्ता," त्या म्हणाल्या. "तुम्हाला आयुष्यात काय हवंय त्याची चित्रं कापायची, चिकटवायची आणि रोज बघायची. बघत राहिलं, मनापासून बघितलं, की ते होतं."

"मॅडम, माझ्या बापाला रोज बघायलोय मी, त्यो काय सुधरंना," मागच्या बाकावरून समर्थ म्हणाला. वर्ग हसला. मॅडमही हसल्या.

हर्षालीनं आधी विमान चिकटवलं. शेंगदाण्याच्या पुड्याचा कागद होता, त्यावर ते सापडलं होतं. मॅडमनी तक्ता हातात घेतला आणि परत दिला.

"अर्ध्या वर्गानं विमानच लावलंय. तुला कुठं जायचंय विमानानं?"

हर्षालीनं विमान फक्त डोक्यावरून जाताना पाहिलं होतं.

"हे तुझं नाही, बाळ. तुझ्या घरी तुम्हाला सगळ्यांना खरंच काय हवंय, ते आण. आणि मोघम नको. कुठं, कधी, कोण कोण, सगळं लिही. होणार आहे असं नाही लिहायचं. झालंय, असं लिहायचं. जितकं नेमकं, तितकं लवकर होतं."

"कुणाकुणाला दावायचं असतंय, मॅडम?"

"मला. मी मार्क देणार आणि परत देणार."

रविवारी दुपारी कढया उतरल्यावर हर्षाली खोलीत बसली. मिठाईच्या खोक्यांचे पुठ्ठे तिनं एकमेकांना दोऱ्यानं शिवले. पेंडीच्या पोत्यांवर म्हैस छापलेली असते. तिनं फाटकी पोती गोळा करून त्यावरच्या दहा म्हशी कापल्या. पोत्याचे दोर सुटायचे, म्हशीची शेपटी उसवायची. ती चिमटीत धरून तिनं एकेक शेपटी चिकटवली. इकडं चार, तिकडं सहा. मधे कोळशानं काळीभोर कढई काढली. भूमकडचा रस्ता, फाटा, ज्ञानोबाचं शेड, शेडापुढचा लिंब, सगळं जागच्या जागी काढलं. राजेश्वरी कणकीची खळ शिजवून घेऊन आली आणि शेजारी बसली.

"ह्यो कोण गं?"

"दादा." बापाला ती दादा म्हणायची.

"आधार कार्डावरचा? त्येच्यात त्येंचं त्वांड चोरावानी आलंय."

"दुसरा फोटूच न्हाय ना."

"अन म्या कुठंय?"

"ही काय. लाकडं लावायलीस."

राजेश्वरी वाकून बघत राहिली. "तितं बी लाकडंच व्हय? आपलीच भट्टी असल तर मला जरा बसव की, माय."

हर्षालीनं चित्रातल्या आईखाली एक पाट काढला. राजेश्वरी तोंडाला पदर लावून हसली.

मग ती खालची ओळ वाचायला लागली. तिला वाचायला हर्षालीच्याच पहिलीच्या पुस्तकातून आलं होतं. अक्षराखाली बोट धरून ती सरकत गेली आणि ज्ञानोबाच्या नावापाशी थांबली.

"ह्ये नाव कामून लिवलंस?"

"मॅडम म्हणल्या, नेमकं लिव."

"कोण बगणार हाय ह्ये?"

"मॅडमच. मार्क देऊन वापस देत्यात."

राजेश्वरीनं खळीचं बोट लुगड्याला पुसलं. आणखी एक म्हैस चिकटवून ते नाव झाकून टाकावं असं तिच्या मनात आलं. पण पोरीनं अक्षर फार सुबक काढलं होतं.

"दादाला आत्ता नगं दावू," एवढंच ती म्हणाली. "पाडव्याला दावू."

सव्वीस जानेवारीला झेंड्याला पोरं जमली तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात सुतळी बांधून सगळे तक्ते टांगलेले होते. मधोमध हर्षालीचा. तिनं लांबूनच त्यातली काळी कढई ओळखली आणि पळत मॅडमकडं गेली.

"मॅडम, माझा काढा."

"अगं, तुझाच तर सगळ्यांत चांगला आहे."

"न्हाय मॅडम, काढा. पाया पडते तुमच्या."

"वेडी आहेस का? लाजायचं काय त्यात? सरक, पाहुणे आले."

पाहुणे म्हणजे वसंतराव. ते शाळा समितीवर होते. पांढरे कपडे, पांढऱ्या चपला, आवाज मऊ. त्यांना कधी कुणी ओरडताना ऐकलं नव्हतं. ते विमानांपुढून, लाल दिव्याच्या गाड्यांपुढून, समुद्रकाठच्या बंगल्यांपुढून हात मागं बांधून चालत आले आणि हर्षालीच्या तक्त्यापुढं थांबले. खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. मग पोथी वाचावी तसं सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायला लागले.

"'गुढीपाडवा. आमची भट्टी फाट्यावर सुरू झाली आहे. ज्ञानोबा आबांच्या चार म्हशी आणि रणधीर काकांच्या सहा म्हशी यांचं दूध आता आमच्याकडे येतं. दादा कढईवर आहेत. आई जाळावर आहे. मी वहीत दूध लिहिते. आता आम्हाला कुणाला विचारावं लागत नाही.'"

त्यांनी चष्मा काढला.

"कुणाची लेक ही?"

"उत्तरेश्वरची," कुणीतरी म्हणालं.

"माझ्या उत्तरेश्वरची? व्वा." त्यांनी हर्षालीच्या डोक्यावर हात ठेवला. हात बराच वेळ तिथंच राहिला. "म्हशी किती झ्याक काढल्यात. मॅडम, पैला नंबर हिचाच."

मॅडमचे डोळे भरून आले. पहिला नंबर म्हणून कंपासपेटी होती, ती वसंतरावांच्याच हातून देण्यात आली. टाळ्या झाल्या.

"ह्यो तक्ता मला पायजे," वसंतराव म्हणाले. "भट्टीवर लावतो. हिच्या बापानं बगाया नगो?"

हर्षालीनं तक्त्याची कड धरून ठेवली. वसंतरावांनी तिची बोटं एकेक करून सोडवली, हसत, अगदी हळू.

"सोड, माझी माय. फाटंल."

झेंडा असो नाहीतर दिवाळी, म्हशीला सुट्टी नसते, म्हणून उत्तरेश्वर भट्टीवरच होता. हर्षाली वावरातून आडवी पळत सुटली. तुरीच्या खोडक्यांनी पोटऱ्या ओरबाडल्या. पण वसंतरावांची जीप रस्त्यानं आधी पोचली होती. ती आली तेव्हा तिचा बाप स्टुलावर उभा होता. एका हातात खिळा, दुसऱ्या हातात लाकडं फोडायची कुऱ्हाड. भिंतीजवळ वसंतराव तक्ता धरून उभे होते.

"खिळा तूच ठोक, उत्तरेश्वरा. तुझ्या घरचा मान हाय." ते मान तिरकी करून बघत होते. "जरा वर. कढईतनं मान उचलली की नदरंत आला पायजे. हां. ठोक."

उत्तरेश्वरनं कुऱ्हाडीच्या पाठीनं खिळा ठोकला. तक्ता अडकवला. खाली उतरला. तोपर्यंत त्यानं तक्ता नीट पाहिलाही नव्हता.

"आता वाच."

"तात्या, कढईत दूध हाय."

"दूध दुसरा बगंल. वाच की. ही मंडळी थांबल्यात."

जाळाभोवती सात-आठ दूधवाले बसले होते. त्यांत रणधीरही होता. उत्तरेश्वर वाचायला लागला. ज्ञानोबाच्या नावाशी त्याची जीभ अडली. वसंतरावांनी मास्तरासारखं ते नाव पुढं सांगितलं. रणधीरचं नाव आलं तसा रणधीर उठला. त्यानं आपले रिकामे कॅन उचलले, आणि कुणाकडं न बघता मोटारसायकलला किक मारली. दोनदा मारली तरी ती सुरू झाली नाही. शेवटी तो ती ढकलतच घेऊन गेला.

"मला राग न्हाय हं," वसंतराव म्हणाले. "पोरीनं सपान बगितलं. सपनाला काय बंदी हाय व्हय?" मग ते राजेश्वरीकडं वळले. तिच्या हातात खरवडीची वाटी होती. "अन बाई, ती खरवड उद्यापासनं कुत्र्याला घालत जा. भट्टीच्या मालकिनीनं खरवड खाल्लेली बरी दिसत न्हाय."

माणसं हसली. काही खरंच हसली, काही वसंतराव बघत होते म्हणून.

संध्याकाळी खोलीत उत्तरेश्वर भिंतीला टेकून बसला होता. हर्षाली हाताच्या अंतरावर होती. तो बायकोला म्हणाला, "तिला इचार, तिला काय कमी केलं व्हतं आपण."

"मला इचारा," राजेश्वरी म्हणाली. "खळ म्या करून दिली."

"तुला वाचता येतंय ना?"

"येतंय."

"मंग?"

त्यानं कुणावर हात उगारला नाही. पण त्या दिवसापासून तो पोरीशी बोलायचा बंद झाला. पाणी हवं असलं तर म्हणायचा, "तिला म्हण, पाणी दे." ती समोर उभी असायची.

वसंतरावांनी त्याला कामावरून काढलं नाही. कढया तीनच्या चार केल्या, एवढंच. रोज दूध घालायला येणारा माणूस तक्त्यापुढं उभा राहायचा, वाचायचा, नाहीतर दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा आणि उत्तरेश्वरला म्हणायचा, "मालक, आमच्याबी दोन म्हशी चिकटवा की." कुणी म्हणायचा, "ह्या म्हशी पोत्यातल्या हायेत, पेंड कमी खात असतील." उत्तरेश्वर उलथनं फिरवत राहायचा. हर्षालीनं आईला पाट दिला होता, त्यावर बोट ठेवून एक जण म्हणाला, "मालकीणबाई तर बसूनच." राजेश्वरी तेव्हा त्याच्या पायाशी वाकून जाळ सारत होती.

ज्ञानोबाचं काय करायचं ते वसंतरावांनी घाईनं केलं नाही. आधी पेंड संपली. बाकीच्यांना मिळत होती, ज्ञानोबाची पाळी आली की संपायची. मग त्याच्या दुधाला डिग्री बसेना. वसंतराव स्वतः काचेचं मीटर दुधात सोडायचे, वाकून बघायचे आणि मान हलवायचे.

"पाणी हाय, आबा."

"पाणी? तात्या, चाळीस वर्सं दूध घालायलोय तुमच्या वडलापासनं."

"मीटरला वय कळत न्हाय, आबा."

"माझ्या म्हशीला इचारा मंग, कुठनं घातलं पाणी ते."

"तुमच्या म्हशी त्या काय, तिथं हायेत," वसंतराव भिंतीकडं बोट करून म्हणाले. "चार. तितं न्या दूध."

ज्ञानोबानं कॅन उचलला. झाकण नीट बसलेलं नव्हतं. दारात त्याला ठेच लागली आणि अर्धं दूध उंबऱ्यावर सांडलं. कुत्रा पुढं आला. ज्ञानोबा तसाच उभा राहून कुत्र्याचं चाटणं बघत राहिला. कुणी त्याला हात दिला नाही.

असे नऊ दिवस गेले. म्हशी कोरड्या कडब्यावर होत्या. एकीनं पान्हा चोरला, दुसरीला लाथा मारायची सवय लागली. दहाव्या दिवशी ज्ञानोबा मोकळ्या हातानं भट्टीवर आला आणि उत्तरेश्वरच्या कढईपाशी उभा राहिला. वसंतराव खुर्चीत बसले होते.

"उत्तरेश्वरा, जनावराचे हाल बगवत न्हायत रं. मला शब्दातनं मोकळं कर."

उत्तरेश्वरनं मान वर केली नाही. "मोकळे," तो म्हणाला.

"असं न्हाय. माझ्याकडं बगून म्हण."

उत्तरेश्वरनं बघितलं. त्याचे डोळे रोजच्यासारखेच तांबडे होते, त्यामुळं त्यात काय होतं ते म्हाताऱ्याला कळलं नाही. "मोकळे, आबा," तो परत म्हणाला.

त्याच दुपारी ज्ञानोबाच्या गोठ्यात पेंडीची पोती पडली. दुसऱ्या दिवशी दुधाला डिग्री बसली. आणि आठवड्यात फाट्यावरचं शेड वसंतरावांनी घेतलं. कडब्याखालची कढईसुद्धा शेडाबरोबरच गेली. ती आपली आहे असं सांगायला उत्तरेश्वर गेला नाही. सांगणार कुठल्या तोंडानं?

राजेश्वरी एकदा शाळेत गेली. वर्गाबाहेर चप्पल काढून उभी राहिली. मॅडम बाहेर आल्या.

"मॅडम, त्यो तक्ता तेवढा मागून घ्या तुमी. शाळेला पायजे म्हणून सांगा."

"अहो, त्यांनी किती कौतुकानं लावलाय."

मग राजेश्वरीनं सगळं सांगितलं. मॅडम ऐकत गेल्या तसा त्यांच्या हातातला खडू फुटला.

"मला आधी सांगायला हवं होतं ना हर्षालीनं."

"ती तुमच्या पाया पडली व्हती म्हनं."

"मला वाटलं, लाजतेय." त्यांनी मागं वर्गाकडं बघितलं. "मी इथं नवीन आहे हो. ते समितीवर आहेत. माझी अजून कायमची ऑर्डर यायचीय. मी कसं मागू?"

"बरं," राजेश्वरी म्हणाली आणि चप्पल पायात घातली. पुन्हा वळून म्हणाली, "मार्क किती दिलं तिला?"

"पैकीच्या पैकी."

फेब्रुवारीच्या शेवटी उत्तरेश्वर एक दिवस काम बुडवून एसटीनं भूमला गेला. त्याच्या हातचा खवा तिथले भट्टीवाले ओळखत. पहिल्यानं चहा पाजला आणि काम नाही म्हणाला. दुसऱ्यानं नाव विचारलं आणि मांडीवर थाप मारली.

"तू फाट्यावरचा व्हय? तक्तेवाला? आरं ये ये. ओ, बाहेर या, तक्तेवाला आलाय."

घरातून बायका, पोरं बाहेर आली.

"दादा, काम असलं तर बगा," उत्तरेश्वर म्हणाला.

"आन तू माझ्या म्हशी चिकटीवशील त्याचं काय? मालकाचं दूध फोडणारा गडी ठिवून म्या काय करू?"

तो संध्याकाळच्या गाडीनं परत आला. वसंतरावांनी कुठं गेला होतास, असं विचारलं नाही. चहा झाला का, एवढंच विचारलं.

पाडव्याला फाट्यावर भट्टी पेटली. गुढी उभी केली, नारळ फोडला, गावाला पेढे वाटले. आदल्या दिवशी वसंतराव खोलीवर आले होते. दारातच उभे राहिले. हातात भिंतीवरून काढलेला तक्ता होता.

"उद्यापासनं तुमी तिघं तिकडं. तुमचीच हौस व्हती."

"तिघं?" राजेश्वरी म्हणाली.

"ह्येच्यावर तिघं हायेत. दादा कढईवर. आई जाळावर. फकस्त वहीला माझा पुतण्या बसंल, हिशोबाचं काम पोरीबाळीचं न्हाय. तिला दुसऱ्या कढईला लाव."

"तात्या, तिची परीक्षा आलीय."

"पैला नंबर आलाय की तिचा. आता आनिक कसली परीक्षा?" ते हसले. "खोली मोकळी करायची म्हणलात तर तसं सांगा. खोलीला माणसं लई हायेत."

राजेश्वरीनं नवऱ्याकडं बघितलं. हर्षालीनंही बघितलं. उत्तरेश्वर पायाच्या नखाशी सुटलेली कातडी ओढत होता. ती ओढून काढली, तिथं रक्त आलं. तो म्हणाला, "यील ती."

चैत्रातलं ऊन आणि वर पत्रा. शेडात उभं राहिलं की कानशिलं तापायची. हर्षालीची उंची कढईला कमी पडायची म्हणून तिला दोन विटा दिल्या होत्या. पहिल्या दिवशी तळव्याला फोड आले, तिसऱ्या दिवशी फुटले, आठवड्यानं तिथं पिवळी कातडी धरली. दुधाची वाफ तोंडावर यायची. घामानं केस गालाला चिकटायचे आणि बाजूला करायला हात मोकळा नसायचा. बाप शेजारच्या कढईवर होता. तो म्हणायचा, "तिला म्हण, जाळ लई झालाय." राजेश्वरी लाकूड मागं ओढायची आणि म्हणायची, "जाळ लई झालाय गं." हर्षाली मान हलवायची. समोरच्या खांबाला तक्ता टांगलेला होता. धुरानं म्हशी पिवळ्या पडल्या होत्या.

परीक्षा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी निवेदिता मॅडम स्कूटीवरून आल्या. रुमाल नाकाला लावून शेडाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. त्यांच्या पर्समधून परीक्षेच्या वेळापत्रकाचा कागद बाहेर डोकावत होता. वसंतराव खुर्चीतून उठले.

"या मॅडम, या. बगा, तुमच्या पोरीचं सपान. फाटा म्हणली फाटा, पाडवा म्हणली पाडवा. जशाला तसं केलं का न्हाय?"

मॅडमनी खांबावरचा तक्ता बघितला. मग उत्तरेश्वरकडं, लाकडाच्या ढिगाशी वाकलेल्या राजेश्वरीकडं, मग विटांवर उभ्या असलेल्या हर्षालीकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"तिचा पेपर आहे उद्या," त्या म्हणाल्या. "तीन तासांसाठी सोडलं तरी..."

"म्या कुठं धरून ठिवलंय? इचारा तिच्या बापाला."

मॅडमनी उत्तरेश्वरकडं बघितलं. उत्तरेश्वर कढईत बघत होता.

"तुमची ऑर्डर निघाली का हो, मॅडम?" वसंतरावांनी विचारलं. "परवा मीटिंग हाय समितीची. म्या बोलतो."

मॅडमनी पर्सची चेन लावली. कागद आत गेला.

"एक फोटू काढा बगू आता," वसंतराव म्हणाले. "शाळेच्या ग्रुपवर टाका. तक्ता केला अन खरा झाला म्हणावं, पुढच्या वर्षीच्या पोरांना दावायला व्हईल. ये गं बाई, तू बी ये जाळापासनं. हां, तक्ता दिसू द्या मागं. उत्तरेश्वरा, वर बग. हास की जरा, सण हाय का मयत?"

उत्तरेश्वरनं वर बघितलं आणि दात दाखवले. राजेश्वरी लाकूड हातात घेऊन तशीच उभी राहिली. मॅडमनी फोन वर धरला. सगळी मावेनात म्हणून त्या दोन पावलं मागं सरकल्या.

हर्षाली मॅडमकडं बघत राहिली. त्या काही म्हणतील असं तिला अजून वाटत होतं. तिच्या हातातलं उलथनं थांबलं. कढईत दुधानं बुडबुडे टाकले आणि कडेला तांबूस रेघ धरायला लागली.

उत्तरेश्वरनं नाकानं वास घेतला. फोटोसाठी दाखवलेले दात तसेच होते. अडीच महिन्यांत पहिल्यांदा तो थेट तिच्याकडं वळून बोलला.

"हात हलीव. दूध लागायलंय."